छत्तिसाव्या वर्षी रग्बी सुरू करायचं म्हणतोय. कोल्हापुरात जमेल का?

शिरोलीकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

वय ३६. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. कॉलेजला असेपर्यंत पेठेच्या ज्युनियर संघातनं फुटबॉल खेळलो. मग शिफ्ट, लग्न, पोरगी. बाकीचं पोटावर दिसतंच. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली, ती टीव्हीवर बघितली आणि डोक्यात जो किडा शिरला तो काय निघेना. सात-सात जणांचा खेळ, थांबाथांबी नाही, बघता बघता सामना संपतोय.

जिममध्ये मशीनवर पळायचा मला कंटाळा. फुटबॉलला उतरलो तर वीस वर्षांची पोरं बाजूनं निघून जातात आणि वर 'काका, सरका' म्हणतात. रग्बीत निदान इथं सगळेच नवशिके असतील, असा माझा हिशेब.

शंका अशा आहेत. या वयात पाटी कोरी असताना सुरू करता येतं का? टॅकल, म्हणजे समोरच्याला धरून पाडणं, न शिकता खेळता येतं का? किमान किती माणसं लागतात? आणि चौथी शंका बायकोची, जशीच्या तशी देतो: "हात मोडून घरात बसलास तर पोरीला शाळेत कोण सोडणार?"

नाद_खुळा_४१६

भावा, शाहू स्टेडियमवर बॉल हातात घेऊन पळून बघ. पाटाकडील आणि दिलबहार ह्या दोन फुटबॉल संघांचे सपोर्टर आयुष्यात पहिल्यांदा एक होतील आणि तुझ्या मागं लागतील. फुकटात सराव.

वेलिंग्टनवासी

मूळचा राजारामपुरीचा, सध्या मुक्काम न्यूझीलंड. इथं तिशी उलटल्यावर ऑफिसातल्या लोकांनी ओढून नेलं म्हणून खेळायला लागलो. तोवर रग्बीचा बॉल हातात धरलेला नव्हता. तेव्हा पहिल्या शंकेचं उत्तर: करता येतं. इथं पन्नाशीतले लोक सुरुवात करतात आणि कुणाला त्याचं नवल वाटत नाही.

दुसरी शंका. टॅकलशिवाय खेळता येतं एवढंच नाही, मोठ्या वयात सुरुवात तशीच करावी. त्याला टच रग्बी म्हणतात. एका बाजूचे सहा जण मैदानात. ज्याच्या हातात बॉल आहे त्याला समोरच्यानं हात लावला की तो तिथंच थांबतो, बॉल जमिनीवर ठेवून त्याच्यावरून पुढं जातो, मागं असलेला साथीदार तो उचलून पास करतो. तोवर बचाव करणारे ठरलेलं अंतर मागं हटतात. असे सहा टच झाले की बॉल समोरच्या संघाला. पाडणं नाही, लाथ मारणं नाही, स्क्रम (दोन्हीकडचे खांद्याला खांदा भिडवून बॉलसाठी ढकलतात ते) नाही. दुसरा प्रकार टॅग. त्यात कमरेच्या पट्ट्याला दोन्ही बाजूंना फिती चिकटवलेल्या असतात, फीत उपटली की झाला टॅकल. पट्टे नसतील तर टच बरं, त्याला बॉल सोडून काहीच लागत नाही. बारा माणसं जमली की पूर्ण सामना, आठ जमली तरी चार-चार खेळता येतं. ही तुझी तिसरी शंका.

आता खेळाबद्दल. एक नियम अंगात मुरला की निम्मं काम झालं: हातानं बॉल पुढं टाकायचा नाही. मागं टाकायचा, फार तर सरळ आडवा. पुढं न्यायचा असेल तर घेऊन पळायचं. पूर्ण रग्बीत लाथ मारूनही पुढं पाठवता येतो, टचमध्ये तेही नाही. फुटबॉलवाल्यांना हे सगळ्यात जड जातं, कारण त्यांना बॉलच्या पुढं जाऊन जागा धरायची सवय. इथं बॉलच्या पुढं उभा राहिलेला माणूस ऑफसाइड, बिनकामाचा. तुझी जागा बॉलवाल्याच्या चार-पाच मीटर मागं आणि बाजूला. पास सुटताना तू वेगात असला पाहिजेस. जाग्यावर उभं राहून पास घेतलास की समोरचा तुझ्यापर्यंत पोचलेला असतो.

पास देताना दोन्ही हात, बोटं पसरलेली, बॉल तळव्यात घट्ट दाबायचा नाही. ज्याला द्यायचाय त्याच्या अंगावर टाकू नकोस, त्याच्या थोडा पुढं रिकाम्या जागेत टाक, तो पळत येऊन घेईल. फेकून झाल्यावर तुझी बोटं त्याच्याकडं रोखलेली राहिली पाहिजेत. टीव्हीवर दिसतो तो गरगर फिरणारा लांब पास पहिले काही महिने विसर. त्याच्या नादानं साधा पास कधीच बसत नाही, असे लोक मी इथं ढिगानं बघतो.

गुणांचं पण सांगतो, नाहीतर टीव्हीवर काही कळणार नाही. पूर्ण रग्बीत नुसती रेषा ओलांडून भागत नाही, बॉल पलीकडच्या जमिनीला टेकवावा लागतो. तो ट्राय, ५ गुण. त्यानंतरची कन्व्हर्जनची लाथ बसली तर आणखी २. पेनल्टी आणि ड्रॉप गोल प्रत्येकी ३. टचमध्ये सरळ हिशेब, टेकवला की १.

शिरोलीकर

लई भारी. प्रिंट काढून ठेवतो. म्हणजे पंधरा-पंधरा जण जमवायची गरज नाही तर.

गंगावेस_लाल_माती

पोरांनो, मी ह्यो खेळ नातवाच्या मोबाईलवर बघितला. ह्यात नवीन काय हाय? समोरचा अंगावर येतोय, आपण खाली बसायचं, खांदा मांडीत घालायचा, दोन्ही हातांनी कवळ घालायची आणि लोळवायचा. हा दुहेरी पट झाला. तालमीत बारा वर्षाचं पोरगं काढतंय. ज्या गावात शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग बांधलं, जिथं शिकून खाशाबांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ मारलं, त्या गावच्या माणसानं नुसता हात लावून 'टच टच' करायचं? आठ दिवस मातीत या. आधी पडायला शिका. पडायचं कळलं की भ्या जातंय, आणि भ्या गेलं की हातपाय मोडत न्हाईत.

नाद_खुळा_४१६

वस्ताद पेटले. जाळ आणि धूर संगटच.

कबड्डी_कोपरारक्षक

वस्ताद, रामराम. तुमच्या शब्दाला मान आहे, पण यातल्या काही गोष्टी नीट सांगाव्या लागतील, नाहीतर कोणीतरी मार खाईल. मी इचलकरंजीकडचा, कॉलेजपर्यंत कबड्डी, नंतर पुण्यात नोकरीला असताना काही वर्षं रग्बी. दोन्हीकडं पकडी केल्यात.

सगळ्यात मोठा फरक डोक्याचा आहे. एकेरी पट, म्हणजे एक पाय धरून पाडायचा डाव, काढताना पैलवान डोकं आत घालतो, बरगडीला टेकवून. समोरचा जाग्यावर आहे म्हणून ते चालतं. रग्बीत समोरचा पळत येतोय. डोकं त्याच्या पुढं आलं की त्याचा गुडघा नाहीतर कंबर थेट डोक्यावर किंवा मानेवर. त्यामुळं डोकं कायम त्याच्या मागच्या बाजूला, आपला गाल त्याच्या ढुंगणाला चिकटलेला. हसू नका, कोच असंच शिकवतात. नजर वर, पाठ सरळ. मान खाली घालून डोळे मिटून शिरणारा नवशिका सगळ्यात आधी जायबंदी होतो.

दुसरं, उचलून मानेवर आपटलं तर खासबागेत फेटे उडतील. रग्बीत सरळ लाल कार्ड. पायात पाय घालून पाडणं हा तुमच्याकडं डाव आहे, इथं पेनल्टी. आमच्या कबड्डीवाल्यांची खोड वेगळी. आम्ही रेडरला नुसत्या खांद्याच्या धडकेनं बाहेर घालवतो. रग्बीत हात गुंडाळल्याशिवाय धडक दिली तर फाउल. आणि खांद्याच्या रेषेच्या वर हात गेला तर कुठल्याही देशात शिट्टी वाजते. हौशी लोकांसाठी तर आणखी खाली आणलंय. फ्रान्समध्ये २०१९ पासून कमरेपर्यंतच, इंग्लंडमध्ये २०२३ पासून छातीच्या मधल्या हाडाच्या खाली. आपण हौशीच आहोत, तेव्हा आपणही कंबर धरून चालायला हरकत नाही.

तिसरं, जे माझ्या स्वतःच्या अंगवळणी पडायला फार वेळ गेला. कबड्डीत पकड सोडली की मेलास. कुस्तीत चीत होईपर्यंत सोडायचं नाही. रग्बीत माणूस जमिनीवर आला की हात सोडायचे आणि बाजूला व्हायचं. पडलेल्यानंसुद्धा बॉल सोडायचा. तिथून पुढं उभ्या माणसांची ढकलाढकली, ती रक. पडलेला माणूस बॉल कवटाळून बसला तर दंड, पाडणारा त्याच्यावर लोळत राहिला तरी दंड. आपल्या भागातल्या माणसाला सोडायला शिकवणं हे पाडायला शिकवण्यापेक्षा कठीण आहे, हे माझं प्रामाणिक मत.

पायऱ्या अशा असतात: आधी दोघं गुडघ्यावर बसून, मग पाडणारा गुडघ्यावर आणि समोरचा उभा, मग दोघं चालत, मग हळू पळत. प्रत्येक पायरी दोन्ही खांद्यांनी. चांगल्या खांद्यानं कोणीही करतो, मार बसतो तो दुसऱ्या बाजूनं.

वस्तादांचं एक मात्र शंभर टक्के खरं. पडायला शिकलेला माणूस रग्बीत फार पुढं असतो. मानेची ताकद, बसकी चाल, हाताची पकड, हे सगळं तालमीतनं आयतं मिळतं.

गंगावेस_लाल_माती

डोक्याचं पटलं. एकेरी पटाला डोकं आत असतंय हे तू बरोबर सांगितलंस, म्हणजे बघितलायस तू. पण एक ऐक. आखाड्याची माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली असती. तुमच्या मैदानात मुरूम. त्या मुरमावर पाडापाडी केलीसा तर कोपरं आणि गुडघं सोलून हातात येतील. पडायचं शिकायला तालमीत या, सकाळी पाचला. बूट घालून कोण मातीत उतरलं तर मात्र हाकलून देईन.

हाडं_मोजणारी

फिजिओथेरपिस्ट आहे, प्रॅक्टिस कोल्हापुरातच. धागाकर्त्याच्या बायकोला माझ्याकडून नमस्कार, प्रश्न त्यांनीच नेमका विचारलाय.

पस्तिशीनंतर नव्यानं मैदानात उतरणाऱ्यांचं पहिलं दुखणं टॅकलचं नसतं. पोटरी नाहीतर मांडीचा मागचा स्नायू. वर्षानुवर्षं खुर्चीत बसलेला माणूस एकदम जीव खाऊन पळतो, कचकन थांबतो, वळतो, आणि तिथंच धरतो. टचमध्ये तर हेच जास्त, कारण सगळा खेळच अचानक पळण्या-थांबण्याचा. म्हणून बॉल हातात घ्यायच्या आधी महिना-दीड महिना तयारी करा. जलद चालणं, मग हळू पळणं, मग वीस-तीस मीटरच्या धावा, त्याही पहिल्यांदा निम्म्या जोरानं. थांबायचा सरावसुद्धा करायचा, तो कोणी करत नाही. पायरीवर टाचा उचलणं, आधी दोन्ही पायांवर, मग एकेका. गुडघ्यावर बसून, घोटे कोणीतरी धरून, अंग हळूहळू पुढं सोडणं: मांडीच्या मागच्या स्नायूसाठी याच्याइतका चांगला व्यायाम नाही आणि याच्याइतका शिव्या खाणाराही नाही. मानेसाठी तळहात कपाळाला लावून दाबायचं, मान हलू द्यायची नाही. मग मागून, मग दोन्ही बाजूंनी. वर्ल्ड रग्बीचा 'अ‍ॅक्टिव्हेट' नावाचा वॉर्मअप आहे, नेटवर फुकट मिळतो. खेळायच्या आधी तो करा. 'दोन राउंड मारले, झालं गरम' हे वीस वर्षांच्या पोराला चालतं.

डोक्याच्या माराबद्दल मात्र गंमत नको. मेंदूला झटका बसला म्हणजे माणूस बेशुद्धच पडतो असं नाही. गोंधळलेला वाटतो, तोल जातो, मळमळतं, उजेड नको वाटतो, आत्ता काय चाललंय ते विचारलं तर भलतंच सांगतो. यातलं एक जरी दिसलं तरी तो माणूस त्या दिवसापुरता बाहेर. 'बरा आहे मी' असं तो म्हणणारच, त्याचं ऐकायचं नाही. एकट्यानं गाडी चालवत घरी जायचं नाही. पुढं डॉक्टरांना दाखवून टप्प्याटप्प्यानं, आणि हौशी खेळाडूनं २१ दिवसांच्या आत सामना खेळायचा नाही, असा वर्ल्ड रग्बीचा दंडक आहे. डोकं वाढत्या प्रमाणात दुखतंय, सारखी उलटी होतेय, हातापायाला मुंग्या येतायत किंवा मान दुखतेय, तर थेट हॉस्पिटल. मानेला लागलंय असं वाटलं तर चार जणांनी उचलून बाजूला ठेवू नका. हलवायचंच नाही.

ती मऊ टोपी घालतात, तिच्यानं कान आणि कातडी वाचते, मेंदूचा झटका थांबत नाही. (स्क्रममधल्या लोकांचे कान आणि आपल्या पैलवानांचे कान शेजारी ठेवले तर ओळखू येणार नाहीत कुणाचे कुठले.)

थोडक्यात, पहिले काही महिने टचच. त्यात हात मोडायची शक्यता टू-व्हीलरवरून शिरोलीला जाण्यापेक्षा जास्त आहे असं मला वाटत नाही.

नाद_खुळा_४१६

काय चाललंय विचारल्यावर भलतंच सांगणारा बाहेर? मग आमच्या कट्ट्यावरचे निम्मे आत्ताच बाहेर.

रंकाळ्यावरची

सगळ्या पोस्टी वाचल्या. मी बी येतो. वय ३३, बँकेत आहे, शाळा-कॉलेजला कबड्डी खेळलेलो, जिल्ह्याला गेलेलो. लग्नानंतर बायकांसाठी या गावात दोनच खेळ उरतात, झुंबा आणि रंकाळ्याला चकरा. मला चकरांचा वैताग आलाय.

प्रश्न एवढाच, बाया-पुरुष एकत्र खेळतात का? का आम्हाला बाजूला शिट्टी वाजवायला आणि पाणी द्यायला बसवणार?

वेलिंग्टनवासी

टचमध्ये मिश्र संघ हा अधिकृत प्रकार आहे, त्याच्या जागतिक स्पर्धा होतात. इथं आमच्या संघात निम्म्या बायका आहेत आणि चपळाईत त्याच पुढं. टॅकलचा खेळ मोठ्या वयात पुरुषांचा वेगळा, बायकांचा वेगळा, तो नियम बरोबरच आहे.

बायकांच्या रग्बीबद्दल कुणाला शंका असेल तर: २०२५ च्या महिला विश्वचषकाची फायनल लंडनला ट्विकेनहॅममध्ये झाली, ८१,८८५ लोक बघायला होते. इंग्लंडनं कॅनडाला ३३-१३ हरवलं. आणि आपल्या भारताच्या बायकांनी पंधरा-पंधराच्या प्रकारात पहिला आंतरराष्ट्रीय विजय २०१९ ला मिळवला, सिंगापूरविरुद्ध २१-१९.

पेठेतला_जुना

मी जरा विरोधी सूर लावतो, राग मानू नका. ह्या गावात फुटबॉलला मैदान पुरेना. पोरं सकाळी पाचला येऊन जागा धरतात. कुस्तीला कोणी खुराकाचे पैसे देईना, दूध-बदामाचे भाव बघितलेत का? त्यात हे साहेबाचं खूळ आणखी कशाला? वर्षभर चालेल, फोटो टाकून होतील, आणि बॉल माळ्यावर जाईल. टेनिस क्रिकेटचं बरं, निदान सगळ्यांना येतं.

जुन्या_वह्या

साहेबाचं खूळ म्हणाल तर फुटबॉलही साहेबाचंच, आणि ते पेठापेठांनी असं काही आपलंसं केलं की आज कोणी साहेबाचं नाव घेत नाही.

बाकी रग्बी हिंदुस्थानात नवीन नाही. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यात इंग्लंडवाले एका बाजूला आणि स्कॉटलंड-आयर्लंड-वेल्सवाले दुसऱ्या बाजूला असा सामना झाला, प्रत्येकी वीस जणांचा. त्यातून पुढच्याच महिन्यात कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. पण पेठेतले_जुने, तुमच्या मुद्द्याला इतिहासाचा आधार आहे बरं का. तो क्लब पाच-सहा वर्षांत बसला. उकाडा सोसेना, लोक पोलो आणि टेनिसकडं वळले, आणि क्लबमध्ये फुकट मिळणारी दारू बंद झाल्यावर सभासद पांगले. शेवटी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून घेतली, ते रुपये वितळवून कप केला आणि इंग्लंडच्या रग्बी युनियनला देऊन टाकला. तोच कलकत्ता कप. नागाचे तीन कान, म्हणजे धरायच्या मुठी नागाच्या आकाराच्या, झाकणावर हत्ती. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्यासाठी खेळतायत.

पेठेतला_जुना

म्हणजे दारू बंद झाली आणि संघ बंद झाला. आमच्या गल्लीतल्या दोन मंडळांचा इतिहास तुम्हाला कसा माहीत?

महालक्ष्मी_एक्स्प्रेस

नोकरी मुंबईत, घर फुलेवाडीत, महिन्यातनं दोनदा रात्रीच्या गाडीनं. ऑफिस फोर्टात असल्यामुळं बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर रग्बी बघायला मिळतं. अभिनेता राहुल बोस तिथलाच खेळाडू, १९९८ ला भारतानं पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला त्या संघात होता आणि पुढं देशाच्या संघटनेचा अध्यक्ष झाला.

पण मला सांगायचंय ते मैदानाबद्दल. मुंबईत रग्बीचा हंगाम पावसाळ्यातला. क्रिकेट बंद असतं आणि जमीन मऊ असते. वस्ताद मुरमाचं म्हणाले ते अगदी खरं. कोल्हापुरात पाऊस मुंबईपेक्षा काही कमी चिवट नाही. तेव्हा उन्हाळ्यात टच, आणि ज्यांना टॅकल शिकायचाय त्यांनी जून-जुलैत, पाणी तुंबलेलं नाही पण पाय रुततोय अशा जागी. आधी सगळ्यांनी एका ओळीत चालत जाऊन काचा, खिळे, दगड वेचायचे. हे आम्ही टेनिस क्रिकेटला कधी करत नाही, पण इथं तोंड जमिनीला लागतं.

सामान: बॉल ५ नंबरचा, मोठ्यांचा तोच. वजन ४१० ते ४६० ग्रॅममध्ये असतं. पृष्ठभाग खरखरीत, दाणेदार बघून घ्या, गुळगुळीत स्वस्तातला ओल्या हातात राहत नाही. फुटबॉलचे स्टडचे बूट चालतात, फक्त स्टडला धार आलेली नको, बोट फिरवून बघायचं. टॅकल सुरू करायच्या आधी दातांचं गार्ड. गरम पाण्यात बुडवून दातांवर चावून बसवायचं ते मिळतं, सुरुवातीला तेवढं पुरे. बाकी पॅड, टोप्या, महागडे टी-शर्ट यांच्यावर पैसे घालवू नका. खिसे असलेली पँट मात्र नको, बोट अडकून मुरगळतं.

शिरोलीकर

बॉल मागवला. दोन. बायकोनं फिजिओताईंची पोस्ट स्वतः वाचली आणि 'टच' या शब्दाखाली पेनानं रेघ मारून प्रिंट फ्रिजवर लावलीय.

आणखी एक. उद्या समजा पुढं पूर्ण खेळायची वेळ आली, तर माझ्यासारख्या ८४ किलोच्या, उंची बेताची असलेल्या माणसाची जागा कुठली?

कबड्डी_कोपरारक्षक

ह्या खेळाची ही एक गोष्ट मला फार आवडते. पंधराच्या संघात प्रत्येक अंगकाठीला जागा आहे. १ आणि ३ नंबरचे प्रॉप, बुटके, रुंद, मान नसलेले. मध्ये २ नंबरचा हूकर. ४-५ ताडमाड उंच, लाइनआउटला, म्हणजे बाहेर गेलेला बॉल कडेवरून आत फेकतात तेव्हा, त्यांना उचलून बॉल पकडतात. ६, ७, ८ दिवसभर टॅकल करणारे. ९ नंबर छोटा आणि तोंडाळ, सगळ्यांना ओरडून कामाला लावणारा. १० नंबर डोकेबाज. ११ आणि १४ कडेनं सुसाट. १५ शेवटचा राखणदार. तू बहुतेक हूकर नाहीतर फ्लँकर, म्हणजे ६ किंवा ७. सेव्हन्समध्ये मात्र मैदान तेवढंच आणि माणसं सात, तिथं दमच पाहिजे. टीव्हीवर सात मिनिटांचा हाफ छोटा वाटतो, खेळताना दुसऱ्या मिनिटाला मरण आठवतं.

स्क्रमचा नाद मात्र शिकवणारा माणूस समोर असल्याशिवाय करायचा नाही. तो कोसळला की मानेवर येतो. नवशिक्यांचे सामने ढकलाढकली नसलेल्या स्क्रमनं खेळवतात, तेच बरोबर.

शिरोलीकर

मंडळी, अपडेट देतोय. रविवारचं जमायला लागलंय. जागेचं नाव इथं टाकत नाही, नाहीतर टेनिस क्रिकेटवाले आधी येऊन स्टंप ठोकतील. ज्यांना यायचंय त्यांनी व्यनि (खासगी निरोप) करा.

पहिल्या रविवारी जे झालं त्याला रग्बी म्हणणं धाडसाचं आहे. सगळे एका आडव्या रेषेत उभे. ज्याच्याकडं बॉल तो पळाला की बाकीचे त्याच्याही पुढं. मग मागं पास करायला मागं कोणीच नाही. फुटबॉलवाल्यांचे पाय आपोआप बॉलला लागतात. बॉल खाली पडला की कुठं उडेल सांगता येत नाही, पाच-सहा जण त्याच्यामागं वाकून अंगणात कोंबडी धरावी तसे फिरत होते. बघणाऱ्या पोरांची करमणूक झाली.

वेलिंग्टनवासी, तुमचं 'मागं राहा, वेगात या' हे वाक्य तिसऱ्या-चौथ्या वेळेला कळायला लागलं. आम्ही त्यासाठी एक केलं: चौघांची ओळ, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पास करत जायचं, आणि पास देऊन झाला की देणाऱ्यानं वळसा घालून ओळीच्या मागं यायचं. समोर कोणी नाही. नुसतं एवढंच वीस मिनिटं. त्यानंतर खेळ एकदम उलगडला.

रंकाळ्यावरची यांच्याबद्दल वेगळं लिहायला पाहिजे. कबड्डीचे पाय. समोरच्याला डावीकडं दाखवायचं आणि उजवीकडनं निघायचं, दोन पावलांत. आमच्यातला एक तालमीतला गडी तीनदा तिला हात लावायला गेला आणि तीनदा हवेला लावून आला. त्या गड्याची अडचण उलटी आहे. बॉल मिळाला की तो कुणाला देतच नाही. वस्ताद, तुमच्याकडचाच आहे तो.

गंगावेस_लाल_माती

माहीत हाय कोण ते. जेवताना बी कुणाला काय देत न्हाई.

रंकाळ्यावरची

सगळ्यांना एक सूचना. संघ पाडताना 'एक बाई तुमच्यात, एक बाई आमच्यात' असं वजनमापासारखं करू नका. आता आम्ही चौघीजणी आहोत, पुढच्या रविवारी आणखी दोघी येतायत. एकदा बायकांचाच पूर्ण संघ करून तुमच्याशी लावून बघू.

आणि कोणीतरी शिट्टी घेऊन बाजूला उभं राहायला पाहिजे. दोन्हीकडचे मिळून टच मोजतात तेव्हा कधीच सहा होत नाहीत. पाचनंतर परत पाचच.

पेठेतला_जुना

शिट्टी मी वाजवतो. सकाळी फिरायला तिकडंच येतो. नियमाचा कागद कोणीतरी पाठवा. मराठीत.

शिरोलीकर

पेठेतले_जुने, तुमच्या तोंडात साखर पडो. कागद पाठवतो.

साधा_माणूस_कळंबा

उशिरा वाचला धागा. वय ४१, शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, शेवटचं पळालो ते बस पकडायला. मी आलो तर चालेल का?

हाडं_मोजणारी

आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, हृदयाची तपासणी करून घ्या. त्यांनी हो म्हटलं की या. खेळाच्या आधी शुगर मोजायची, गोळ्या आणि जेवणाच्या वेळा कशा बदलायच्या ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्यायचं. खिशात नाही पण पिशवीत ग्लुकोज किंवा साखर ठेवा, आणि सोबतच्या दोघांना सांगून ठेवा की तुम्हाला शुगर आहे. बूट मापाचेच घ्या आणि घरी गेल्यावर तळपाय, बोटांच्या बेचक्या बघत जा, शुगरवाल्यांना फोड आलेला कळत नाही. पहिला महिना वॉर्मअप आणि पासिंगपुरतंच थांबा.

शिरोलीकर

या की. साडेसहाला सुरू होतं, सव्वासहाला आलात तर दगड वेचायला हात मिळेल. अंगठी, कडं, घड्याळ घरी ठेवून या. आणि नखं कापून या, गेल्या रविवारी माझ्या हातावर कुणाचीतरी पाचही उमटली होती.